शेजारचं काउंटर

बँकेतली नोकरी सोडली असं सांगितलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "पेन्शन बसली का?" बसली म्हटलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग का सोडली हे कुणी विचारत नाही. पेन्शन बसल्यावर बाई घरी आली, यात विचारण्यासारखं राहतंच काय?

ज्यांना थोडं अधिक माहीत आहे ते आपसांत म्हणतात, "अण्णा गेल्याचं हिनं मनाला लावून घेतलं." आणि पाठोपाठ "खरंय, आयुष्याचा काय भरवसा" हेही येतंच. मला हे पटत नाही. माणूस गेला म्हणून लोक नोकऱ्या सोडत असते, तर 2021 च्या एप्रिल-मेनंतर महाराष्ट्रातल्या निम्म्या शाखांची शटर वर गेलीच नसती. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळपासून मयत दाव्याचे कागद येत होते. आम्ही ते तपासून घेत होतो आणि संध्याकाळी कॅश टॅली झाली की सॅनिटायझर चोळून घरी जात होतो. राजीनाम्याचा विचार कुणाच्या मनात आल्याचं मला आठवत नाही. माझ्या तर नाहीच.

मला ही नोकरी मिळाली तीच मुळी अनुकंपावर. वडील याच बँकेत, बार्शीच्याच शाखेत कॅशला होते आणि नोकरीत असतानाच गेले. मी तेव्हा सोलापूरला गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, बी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता. धाकटा भाऊ अकरावीला. आईनं बँकेचा अर्ज पुढं ठेवला, मी सही केली. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. घरात त्या वेळी दुसरं काही कुणाला सुचणारच नव्हतं. 2003 च्या नोव्हेंबरात मी वडिलांच्या शाखेत रुजू झाले. पुढं सरकारी बँकांतली ही अनुकंपा भरती बंद झाली, त्याऐवजी घरच्यांना एकरकमी पैसे मिळायला लागले. ती परत सुरू झाली 2014 मध्ये. मधल्या काळात ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या पोरांची नावं घेऊन आई आजही सांगते, तुझं नशीब थोर.

अण्णा वडिलांच्या हाताखाली तयार झालेले. शाखेत त्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, साहेबसुद्धा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारच्या काउंटरवर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, नोटा मोजताना बोलायचं नाही आणि बोलताना नोटा मोजायच्या नाहीत. बाकी बँकिंग सोपं असतंय." अठरा वर्षं मी त्याच जागी बसले. मधे दोनदा माझी बदली निघाली, एकदा वैरागला आणि एकदा माढ्याला, पण दोन्ही वेळा फिरून मी इथंच आले.

बार्शीची शाखा म्हणजे एका दारातून आडतवाले, दुसऱ्या दारातून पेन्शनर. तूर, ज्वारी, उडदाचा सीझन असला की बाजार समितीतून दुपारी पोत्यानं रोकड यायची. एरवी बचत गटाच्या बाया, पीककर्जवाले, शिक्षकांचे पगार. 2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि हिरव्या याद्यांनी, मग 2019 च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीत आधार प्रमाणीकरणानं आमचा पार पिट्ट्या पाडला होता. नोटाबंदीचं तर सांगायलाच नको. या सगळ्या गर्दीत अण्णांच्या काउंटरला कायम मोठी रांग असायची. माझं काउंटर मोकळं दिसलं तरी म्हाताऱ्या बाया सरकायच्या नाहीत. "आमचं अण्णाच बघत्यात."

अण्णा काय बघायचे? निराधार, श्रावणबाळ योजनांच्या बाया हजार रुपये काढायला यायच्या. अंगठा लावायचा. पण जन्मभर खुरपं धरलेल्या, भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेघा राहतात कुठं? मशीन लाल दिवा दाखवायचं. दोनदा, तीनदा. बाई घाबरायची, मशीननं ओळखलं नाही म्हणजे पैसे गेले, असं तिला वाटायचं. अण्णांच्या खणात स्टीलची एक चपटी डबी होती, तंबाखूची असावी अशी. तिच्यात ओलं फडकं. ते बाईचा अंगठा त्या फडक्यानं पुसायचे, मग स्वतःच्या रुमालानं कोरडा करायचे, थोडं थांबायचे आणि मशीनवर नुसता टेकवायला सांगायचे. दाबायचा नाही, टेकवायचा. तरी नाही जमलं तर दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. तोवर तिच्या नातवाची शाळा कितवी, म्हैस व्याली का, हे सगळं विचारून व्हायचं. मागच्या रांगेतला एखादा आडतवाला कुरकुरला की अण्णा मान वर न करता म्हणायचे, "शेठ, तुमचे पैसे मोजायला मशीन आहे. मावशींना मीच आहे."

हे मी शेजारून बघायचे, ऐकायचे. दुपारी डबा आम्ही एकत्र खायचो. वहिनींच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, माझी भाजी. अण्णांना राजकारणातलं सगळं कळायचं आणि क्रिकेटमधलं काहीच नाही, तरी ते दोन्हींवर सारख्याच जोरात बोलायचे. माझ्या लग्नात, मुलाच्या आजारपणात, सासऱ्यांच्या दहाव्याला ते होतेच. पण हे असं लिहायला लागलं की माणूस देवमाणूस होऊन बसतो. तसं नव्हतं. अण्णा रजेच्या बाबतीत चिकट होते, स्वतःची कधी सोडायचे नाहीत आणि दुसऱ्यानं मागितली की तोंड वाकडं करायचे. संगणक आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांचं निम्मं काम मी करायचे, आणि ते खुशाल करू द्यायचे.

ते गेले फेब्रुवारी 2022 मध्ये, रविवारी रात्री. छातीत दुखायला लागलं, गाडीत घालून सोलापूरला निघाले आणि वैराग यायच्या आतच सगळं आटोपलं. पंचावन्न वय.

सोमवारी सकाळी आम्ही शाखेतले त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसलेली, आत बाया. साडेनऊच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. साहेब बिहारचे, तिशीतले, सहा महिन्यांपूर्वीच आलेले. त्यांचा आवाज अडखळत होता. "मॅडम, बुरा मत मानिए. कॅश की चाबी..."

बँकेबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. तिजोरीच्या खोलीला दोन चाव्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही, आणि ज्याची चावी त्यानंच ती सांभाळायची. जादा जोड दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, पण तो आणायचा म्हणजे पत्रव्यवहार आणि अर्धा दिवस. दहा वाजता दारात लोक उभे राहणार. म्हणजे अण्णांकडची चावी आत्ता, या घरातून न्यायला हवी होती. आणि साहेबांनी फोन केला होता मला, कारण बायांमध्ये जाऊन बसू शकणारी मी एकटीच होते.

मी आत गेले. वहिनींजवळ बसले. काय बोलायचं ते काही केल्या तोंडातून निघेना. वहिनींनीच माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चावी देवघरात आहे. गणपतीच्या मागं." मग थोड्या वेळानं, "दहा वाजत आले असतील ना?"

बारा वर्षं ती चावी त्या घरात रोज रात्री मुक्कामाला येत होती. वहिनींना बँकेची वेळ माझ्याइतकीच पाठ होती.

चावी घेऊन मी शाखेत आले. रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, चावी देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. देणाऱ्याच्या रकान्यात साहेबांनी इंग्रजीत 'एक्सपायर्ड' लिहिलं, खाली स्वतःची सही केली. घेणाऱ्याच्या रकान्यात मी. चावी हाती आल्याक्षणी कॅशची जबाबदारी माझी झाली, त्यामुळे सगळी रोकड मोजून ताब्यात घेणं भाग होतं. शनिवार दुसरा होता, म्हणजे आतली पाकिटं शुक्रवारची. शंभर नोटांचं एक पाकीट, वर कागदी पट्टी, पट्टीवर कॅशियरची आद्याक्षरी. अण्णांची सही म्हणजे एक गोल आणि त्याला खाली शेपूट. मी मोजत होते आणि प्रत्येक पट्टीवर ते शेपूट. अकराला त्यांना नेलं. मला जाता आलं नाही, कारण तिजोरी उघडी होती आणि तिची चावी माझ्याकडे होती. पुढं दोन आठवडे आम्ही लोकांना ती पाकिटं देत होतो.

त्याच संध्याकाळी रिजनल ऑफिसची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, होती. अटल पेन्शन योजनेची, म्हणजे एपीवायची, मोहीम चालू होती. सुरुवातीला अण्णांचं नाव घेऊन सगळे उभे राहिले, मिनिटभर शांतता झाली. मग पडद्यावर शाखांची यादी आली आणि आमची शाखा तळात होती. समोरचे साहेब म्हणाले, आज बार्शीला काही बोलत नाही, पण उद्यापासून बघा. ते चांगल्या मनानं बोलले असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. त्यांनी आम्हाला एक संध्याकाळ सूट दिली होती.

अण्णांच्या जागी माणूस येईना. त्यांचं काम आमच्यात वाटून दिलं. साहेबांनी एका कागदावर यादी केली: कॅश कस्टडी, एटीएममध्ये रोकड भरणं, करन्सी चेस्टला रेमिटन्स, फाटक्या नोटांचा हिशेब, लॉकर रजिस्टर. यादी माझ्या हातात दिली. मी ती वाचत गेले आणि मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. यादीत काहीच राहिलं नव्हतं. अण्णा जे जे बँकेचं काम करायचे ते सगळं त्यात होतं. आणि ज्यासाठी लोक त्यांच्या रांगेत उभे राहायचे त्यातलं काहीही नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं, ते त्यांच्या कामात कधी धरलेलंच नव्हतं.

मार्चमध्ये एक निवृत्त गुरुजी आले. त्यांची मोठी एफडी संपली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर विमा कंपनीचा मुलगा बसलेला असतो, त्यानं त्यांना शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी समजावली होती. मार्च महिना, आकडे भरायचे होते. फॉर्म माझ्याकडे आला, खात्यातून पैसे वळते करायला. अशा वेळी अण्णांची एक ठरलेली पद्धत होती. ते पॉलिसीला नावं ठेवायचे नाहीत. फॉर्म हातात घ्यायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून मोठ्या आवाजात म्हणायचे, "गुरुजी, पाच वर्षं पैसे काढता यायचे नाहीत. चालंल ना?" बस, एवढंच. पाच वर्षं रक्कम अडकते हे छापीलच असतं, त्यामुळे त्यांना कुणी काही म्हणू शकायचं नाही. दहातले सात गुरुजी फॉर्म परत घ्यायचे.

मीही तेच विचारलं. गुरुजींनी फॉर्म परत घेतला, एफडी पुढं चालू केली. पाच मिनिटांनी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब रागावले नाहीत. त्यांच्या टेबलावर सकाळचा चहा तसाच साय धरून पडला होता. ते म्हणाले, "मॅडम, मुझे भी ऊपर जवाब देना होता है." मी बरं म्हटलं. अण्णा असते तर त्यांनी केबिनमधून येऊन माझ्याकडे बघून एक भुवई वर केली असती, आणि त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत हसलो असतो. त्या दिवशी मी जागेवर येऊन बसले. शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं कुणी विचारलं, नोकरी कशी आहे, तर मी "बरी आहे की" म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. सकाळी उठून बँकेत जावंसं वाटायचं. पण मला आवडत होतं ते अण्णांच्या शेजारी बसणं. नोकरी तेवढी मला कधीच आवडली नव्हती. टार्गेट, व्हीसी, व्हॉट्सॲपवर रात्री दहाला येणारं "आज कितनी एपीवाय हुई?", बारा रुपयांचा विमा कुणाच्या खात्यातून न विचारता कापला गेला म्हणून भांडायला आलेला रिक्षावाला, हे सगळं पूर्वीही होतंच. त्यावर दिवसाकाठी अण्णांचं काहीतरी बोलणं पडायचं आणि ते गिळता यायचं. आता ते नुसतंच समोर होतं. वाईट काम होतं असं मी म्हणणार नाही. बँक हे फार मोठं, गरजेचं काम आहे आणि ते जीव लावून करणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांतली नव्हते, आणि हे मला चाळिशी उलटल्यावर, शेजारची खुर्ची मोकळी झाल्यावर समजलं.

तरी मी ठरवलं असं अजून म्हणता येणार नाही. ते ठरलं अण्णांच्या मुलीमुळे.

तेराव्यानंतर महिन्याभरानं ती घरी आली. नुकतीच बी.एस्सी. ॲग्री झालेली. तिला पुढं शिकायचं होतं, रोपवाटिका काढायची होती, असं बरंच काही. धाकटा भाऊ बारावीला. मला ती लहानपणापासून आत्या म्हणते. पिशवीतून तिनं कागद काढला. मी लांबूनच ओळखला. नमुना बदलला होता, वरचं बोधचिन्ह बदललं होतं, बाकी तोच अर्ज.

"आत्या, एकतर नोकरी किंवा एकरकमी पैसे. आई म्हणते नोकरी घे. तुम्हीपण अशाच लागला होतात ना? काय करू?"

माझ्या वेळी हे विचारायला मला कुणी नव्हतं. आता विचारणारी समोर बसली होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. "घे" म्हणावं तर कोणत्या तोंडानं? "नको" म्हणावं तर त्या घराचं महिन्याचं किराणा बिल मी भरणार होते का? मी तिला आकडे सांगितले. ग्रॅच्युइटी किती बसेल, पीएफ, वहिनींना फॅमिली पेन्शन किती, नोकरी घेतली तर तिला नवीन पेन्शन योजना लागेल, 2010 च्या एप्रिलनंतर लागलेल्यांना आमची जुनी नाही. चांगली तासभर मी तिला हिशेब समजावला. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं आणि मग पेन बंद करून म्हणाली, "हे सगळं कळलं. पण तुम्हाला आवडलं का तिथं?"

मी म्हटलं, "तुझे पप्पा होते तोवर आवडलं."

ती गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरायला घेतली आणि मला ऐकू आलं मी काय बोलले ते. रात्री नवऱ्याला सांगितलं, मी नोकरी सोडणार. ते मोबाइलची दुरुस्ती करतात, गावात दुकान आहे. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि विचारलं, "आत्ता का वीस वर्षं भरल्यावर?" बाईनं असला निर्णय सांगितल्यावर नवऱ्यानं विचारावा असा हा प्रश्न नाही, असं कुणाला वाटेल. मला तो फार समजूतदार वाटला.

वीस वर्षांचं गणित असं आहे. आमच्या वेळच्यांना बँकेची 1995 ची पेन्शन योजना लागू. वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शन चालू होते. पूर्ण पेन्शनला तेहतीस वर्षं लागतात, त्यामुळे ती तोकडी, पण हक्काची. त्याआधी जो जातो त्याचा राजीनामा, आणि राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. एकोणीस वर्षं अकरा महिने झाले असले तरी पुसली जाते. वर घराचं कर्ज. स्टाफ म्हणून आम्हाला ते कमी व्याजानं मिळतं. राजीनामा दिला की बाहेरच्या गिऱ्हाइकाचा दर लागतो. आमची अजून आठ वर्षं बाकी होती. मला दीड वर्ष कमी पडत होतं.

सिनेमात माणूस टेबलावर राजीनामा आपटून जिना उतरतो. आमच्यासारखी माणसं सर्व्हिस बुक बघतात. याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत. वडिलांच्या मरणातून आलेली आणि माझ्या वीस वर्षांनी कमावलेली पेन्शन मी रागाच्या भरात बँकेला दान का करावी?

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिनं ऐकून घेतलं, उठून तुळशीला पाणी घातलं, परत येऊन बसली. "तुझ्या बापाची नोकरी आहे ती," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, त्यांचीच आहे. ती पुढं काही बोलली नाही. माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एक दिवस भावाला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं: "लागली तेव्हा बावीसची होती. मी विचारलंसुद्धा नव्हतं." एवढ्यावर तिचं-माझं त्या विषयावरचं बोलणं संपलं. आम्ही समोरासमोर परत कधी तो विषय काढला नाही.

ते दीड वर्ष कसं गेलं? सोपं गेलं, हेच आश्चर्य. जायचं ठरलंय हे माहीत असलं की व्हीसीमधले आकडे अंगाला लागत नाहीत. मी स्टीलची डबी माझ्या खणात आणून ठेवली. म्हाताऱ्या बाया हळूहळू माझ्या रांगेत यायला लागल्या. मला अण्णांसारखं बोलायला येत नाही. म्हशीचं विचारलं तर ते नाटकी वाटतं. मी नुसता अंगठा पुसायचे. एक जण म्हणाली, "तुमचा हात गार हाय, अण्णाचा ऊन असायचा." या सगळ्यात मन रमायला लागलं, तेव्हा क्षणभर वाटलंही की राहावं. पण संध्याकाळी त्याच हातानं अटल पेन्शनच्या फॉर्मवर सही घ्यायची असायची, जिला आज हजारातले दोनशेही जड आहेत तिची, साठीनंतर मिळणाऱ्या पैशांसाठी. योजना चांगली आहे. कुणाला द्यायची हे ठरवायला वेळ द्यायला हवा, आणि तोच नसतो.

ऑगस्ट 2023 मध्ये नोटीस दिली. साहेब तोवर बदलले होते. नव्यांनी कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहायला सांगितलं, मी लिहिलं. शेवटचा महिना नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा. शेवटच्या दिवशीसुद्धा चारपर्यंत रांग होती. निरोपाच्या समारंभात नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते दुकानात लावलंय.

आता मी सकाळी सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्यांना दहावीचं गणित शिकवते. शाळा सुटलेली पोरं असतात, तशाच चार-पाच बाया, लग्न होऊन पंधरा-वीस वर्षं झालेल्या. एकीला पुढं बारावी करून अंगणवाडीत लागायचंय, एकीला नुसतंच पास व्हायचंय. फी नावाला. बी.एड. राहिलं ते राहिलंच, त्याचं वाईट वाटायचं वय गेलं. चक्रवाढ व्याज मात्र मी बी.एड.वाल्यांपेक्षा बरं शिकवते, कारण मी ते लोकांच्या खात्यात पडताना पाहिलंय. पैशाची ओढाताण आहे. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वर्षी ती वाढणार आहे. क्लासला जाताना मनावर ओझं नसतं, पण महिन्याच्या पंचवीस तारखेला असतं. दोन्ही खरं आहे.

अण्णांच्या मुलीनं नोकरी घेतली. धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत आहे. मला वाटलं होतं तिला जड जाईल, पण तिला रुचलं. पीककर्जाचं काम तिच्याकडं आहे, शेतीतलं कळतं म्हणून शेतकरी तिलाच विचारतात. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते, अधिकारी व्हायचं म्हणते. माझ्या सोडण्याबद्दल ती एकदा स्पष्टच म्हणाली, "आत्या, तुम्ही लवकर गेलात. तुमच्यासारखी माणसं पाहिजेत तिथं." मी वाद घातला नाही.

गेल्या मार्चात तिचा रात्री फोन आला.

"आत्या, या महिन्यात चार पॉलिसी सांगितल्यात. एका म्हाताऱ्याचा फॉर्म उद्या येणार आहे. काय करू?"

"फॉर्म हातात घे आणि पाच वर्षं पैसे निघायचे नाहीत, हे त्यांना ऐकू जाईल असं विचार. छापलेलंच आहे."

"पप्पा असंच करायचे?"

"असंच."

"साहेब चिडायचे?"

"चिडायचे की."

"मग पप्पा काय करायचे?"

"मला चहाला घेऊन जायचे."

ती हसली. मग म्हणाली, माझ्या शेजारच्या काउंटरवर लातूरची एक पोरगी आलीये, नवीनच आहे, तिला चहा चालत नाही, कॉफी लागते.